चाकणच्या कंपनीत आठ महिने जपानी शिकलो, त्याचा अनुभव

मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, आमचा मुख्य कस्टमर जपानी. कंपनीने आम्हा चौदा जणांसाठी प्लांटमध्येच जपानीचा क्लास लावला, त्याला आता आठ महिने झाले. बाकी कंपन्यांतले मित्र विचारतात घ्यावा का म्हणून, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

हा आमचा दुसरा प्रयत्न आहे. पहिल्या वेळी एका संस्थेचा रेडीमेड कोर्स होता, हे पेन आहे, स्टेशन कुठे आहे, हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची वगैरे. दीड महिन्यात निम्मी पोरं गळाली. फार वाईट वाटलं, कारण सगळी मनापासून येत होती, पण सकाळी कस्टमरचा मेल उघडला की त्यातला एक शब्द ओळखीचा निघायचा नाही.

आत्ताच्या सेन्सेईंनी (पुण्यात जपानीच्या मास्तरांना सगळे सेन्सेईच म्हणतात) पहिला आठवडा काही शिकवलंच नाही, आमच्यासोबत लाईनवर फिरल्या, सहा महिन्यांचे रिजेक्शन रिपोर्ट आणि ड्रॉइंग मागून घेतली. मग पहिल्याच क्लासला एक रिजेक्ट ब्रॅकेट टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर बोट ठेवून सांगितलं, हा ओरखडा म्हणजे किझु, ही कडेला राहिलेली धारदार बर (burr) म्हणजे बारी, ड्रॉइंग म्हणजे झुमेन, डिलिव्हरीची तारीख म्हणजे नोकी. तो दिवस कोणी विसरलेला नाही. फाइव्ह एसच्या (कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीच्या) बोर्डवर सेइरी (नको ते काढणं), सेइतोन (उरलेलं जागेवर लावणं) आम्ही वर्षानुवर्षं बघत होतो, ते खरे शब्द आहेत आणि बोलताना वापरतात हे तेव्हा डोक्यात शिरलं.

आणि मराठी माणसाला ही भाषा वाटते तेवढी परकी नाही हो. क्रियापद शेवटी, ‘पासून’ला कारा, ‘पर्यंत’ला मादे, तेही आपल्यासारखंच शब्दाच्या मागे लागतं, आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी चक्क ‘का’. किमासु का? येता का? आमचा लातूरचा सुपरवायझर इंग्रजीत बोलायला कायम बिचकायचा, तो इथे सगळ्यांच्या पुढे गेला. अडलो ते मोजण्यात. आपण सगळ्याला ‘नग’ म्हणून मोकळे होतो, तिकडे लांबट वस्तू असेल तर एक, दोन, तीनला इप्पोन, निहोन, साम्बोन आणि पत्र्यासारखी सपाट असेल तर इचिमाइ, निमाइ. अजूनही चुकतं.

पैसे वसूल कुठे झाले ते सांगतो. एका तक्रारीवर उपाय करायला आम्ही व्हिडिओ कॉलवर दोन आठवडे वाढवून मागितले, तिकडचे साहेब म्हणाले, ‘चोत्तो मुझुकाशी देसु ने.’ शब्दशः, थोडं अवघड आहे. आधी आम्ही हे ऐकून अजून जोर लावला असता. पण सेन्सेईंनी बजावलं होतं की हे म्हणजे ‘नाही’च समजायचं, म्हणून मी तिथेच थांबलो आणि शुक्रवारपर्यंत निदान तपासलेला लॉट पाठवतो म्हणालो. ते लगेच हो म्हणाले.

आता तक्रारी. क्लास फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ठेवला होता, कंपनीची बस निघून जायची आणि लोक हायवेवर शेअर रिक्षा शोधत उभे राहायचे. तीन महिने भांडल्यावर तो ड्युटीच्या वेळात आला आणि हजेरी लगेच सुधारली. दुसरं, एचआरला जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेचं सर्टिफिकेट हवं होतं. डिसेंबरला नऊ जण एन5 या तिच्या सगळ्यात खालच्या पातळीला बसले, सहा पास झाले, पण त्या पेपरात किझु नाही की बारी नाही, त्याची तयारी सेन्सेईंनी शनिवारी वेगळी करून घेतली. दोन्ही एकाच तासात कोंबू नका, दोन्ही बिघडतं. कांजी (जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं) अजून कच्चीच आहे, मोठे मेल ट्रान्सलेटरकडेच जातात.

माझं स्पष्ट मत आहे, घ्या, पण शिकवणारा माणूस आधी तुमच्या लाईनवर यायला तयार आहे का ते विचारा. आमची पुढची बॅच ऑपरेटरची आहे. पार्ट सगळ्यात आधी त्यांच्याच हातात येतो, त्यांना पहिल्या बॅचमध्ये घेतलं नाही ही आमचीच चूक झाली.