एमवाय सरकारी दवाखाना, खाजगी डॉक्टर की काउन्सेलर? इंदुरातल्या मराठी घरांसाठी

घरात कुणाची झोप उडाली आहे, जेवण सुटलंय, टीव्हीवरची आवडती मालिकासुद्धा नकोशी झालीय, आणि याला दोन आठवडे होऊन गेलेत. कुणाला तरी दाखवायचं यावर सगळ्यांचं एकमत होतं. कुणाला, यावर गाडी अडते.

रामबाग असो की सुदामानगर, पहिली फेरी घरच्या डॉक्टरांकडेच होते, आणि त्यात वावगं काही नाही. थायरॉईडची गडबड किंवा बी-१२ची कमतरता असली तरी माणूस मरगळतो. ते रक्ताच्या तपासणीत कळतं. मात्र झोपेच्या गोळीवर थांबू नका. अल्प्राझोलामची सवय लागते. आमच्या मामी जुनी चिठ्ठी दाखवून किती तरी महिने तीच गोळी आणत होत्या. झोप येत होती, दिवसभराची उदासी जिथल्या तिथे.

पुढची निवड मानसोपचारतज्ज्ञ की सायकॉलॉजिस्ट, ही. पहिला वैद्यकीय डॉक्टर, औषधं लिहिणारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही, बोलण्यातून उपचार करतो आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक खुशाल विचारा, कारण नुसती ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावणारे सगळ्या तऱ्हेचे असतात. भंवरकुआँला खोली घेऊन पीएससीची तयारी करणारा मुलगा परीक्षेच्या धास्तीनं खचला असेल, पण जेवतोय, झोपतोय, तर सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात चालेल. अंथरुणातून उठवत नाही, कानात आवाज येतात, घरच्यांवरच संशय, किंवा अचानक वारेमाप खर्च आणि रात्र रात्र जागरण, असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. बोलण्याचे उपचार त्याच्या जोडीनं होतात.

सरकारी की खाजगी, इथे मी थोडी सरकारीच्या बाजूची आहे. एमवायमध्ये दाखवता येतं, बाणगंगेचं मनोरुग्णालयही आहे. बाणगंगा म्हटलं की घरातले म्हातारे दचकतात. ‘भरती करून घेतील’ ही भीती. ओपीडीत दाखवलं म्हणून कुणाला भरती करत नाहीत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाच्या संमतीला वजन दिलंय. संमतीशिवाय भरती करायची तर कायद्यात ठरलेल्या अटी आणि मुदती पाळाव्या लागतात. सरकारीत खर्च अगदी कमी, आणि हा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. नैराश्याच्या गोळीचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही ती साधारण सहा महिने किंवा जास्त चालू ठेवावी लागते. पहिल्या फीपेक्षा महिन्याचं औषधाचं बिल बघा. पैसे पुरत नाहीत म्हणून गोळी मध्येच सोडण्यापेक्षा रांग परवडली.

रांग मात्र असतेच. सकाळ जाते, पुढच्या खेपेला दुसरेच डॉक्टर बसलेले असू शकतात, म्हणून फाईल सांभाळा. आत्याला एका सरकारी ओपीडीत नेलं तेव्हा शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी आधी बराच वेळ सगळं विचारून लिहून घेतलं, मग मोठ्या डॉक्टरांपुढे नेलं. काकांना जाऊन किती दिवस झाले, हे आत्याला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. खाजगीत संध्याकाळची वेळ मिळते, डॉक्टर तोच राहतो, ओळखीचं कुणी भेटायची धाकधूक कमी. नोकरीवाल्यांना हे सोयीचं, आणि खिसा साथ देत असेल तर जरूर जा. विम्यात मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा असा कायदा आहे, पण बऱ्याच पॉलिसी भरतीचाच खर्च देतात, ओपीडीचा नाही.

डॉक्टरकडे यायलाच तयार नसलेल्या माणसासाठी १४४१६, म्हणजे टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोन-हेल्पलाईन. ऑक्टोबर २०२२पासून सुरू, फुकट, रात्री-बेरात्रीसुद्धा, आणि मराठीतही बोलता येतं. आई बाहेर फर्डं हिंदी बोलते, पण जीव घाबरतो तेव्हा तिला मराठीच सुचतं. रुग्णाची सेवा करून थकलेल्यानंही फोन करावा.

‘आता जगून काय करायचं’ असं कुणी बोलू लागलं, तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशक हलवा, सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत न्या किंवा ११२ लावा. पोलीस केसच्या भीतीनं थांबू नका. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच २०१७चा कायदा धरून चालतो.

पहिल्या भेटीला बीपी-शुगरसकट चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. झोप कधीपासून गेली ते कागदावर लिहून ठेवा. आणि थोडा वेळ रुग्णाला डॉक्टरांशी एकटं बोलू द्या. सुनेसमोर सासूबाई ‘मला काही झालेलं नाही’ एवढंच सांगतात.