जुन्या ८०० ला स्टीलचा साइलेन्सर, एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी २००७ ची मारुती ८००, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली. रोजचं रनिंग नाशिकमध्ये सिडको ते अंबड, म्हणजे इंजिन नीट तापायच्या आत गाडी पार्किंगला. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच, लांब गाडी पळाली तर वाफ होऊन निघून जातं, असल्या छोट्या रनिंगमध्ये मात्र मफलरच्या (साइलेन्सरच्या डब्याच्या) पोटात साचतं आणि पत्रा आतून सडतो. माझा एवढा सडलेला की स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आत गेला. परत तोच पत्रा घालायचा नव्हता म्हणून पुढच्या पाइपसकट एसएस ३०४ चा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा करून घेतला, फिटिंग धरून साडेसात हजार. जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला असं घरी सगळे म्हणाले, पण ८०० बनायची २०१४ लाच बंद झाली, दुसरी नवी कुठून आणू, हीच टिकवायची आहे.

मटेरियलला नावं ठेवायला जागा नाही. चुंबक लावून बघितला, चिकटत नाही. ४०९ ग्रेडचं स्टेनलेस असेल तर चिकटतो, तोही चांगला असतो, पुष्कळ गाड्यांना कंपनीतूनच येतो, पण मग ३०४ चे पैसे का द्यायचे? इगतपुरीच्या पावसात गाडी भरपूर भिजली, खाली वाकून बघितलं तर वेल्डिंगजवळ पिवळट झाक, गंज कुठे नाही.

डोकं फिरवलं ते पुढच्या जॉइंटने. बसवल्यापासून सकाळी थंड स्टार्टला बॉनेटखालून टिक टिक टिक, गाडी तापली की बंद. गॅरेजवाल्याला दाखवलं तर म्हणे, "साहेब, टॅपेटचा आवाज आहे, जुन्या गाडीत एवढं चालायचंच." (टॅपेट म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारे भाग.) त्यात अ‍ॅव्हरेज अठरावरून चौदावर आलं, त्यावर त्याचं उत्तर की पाइप मोकळा झाला म्हणून पेट्रोल जास्त पिते. वर कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकू, पिकअप वाढेल असंही सुचवत होता. मी साफ नाही म्हटलं, पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्क्याच्या आत दाखवायचा असतो, तो कोण भरून देणार. तोपर्यंत माझं मत झालं होतं की स्टीलच्या नादी लागूच नये.

मग द्वारकाजवळच्या एका म्हाताऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी टॅपेटला हात नाही लावला. थंड गाडी चालू केली, मला मागे टेलपाइपवर ओलं फडकं दाबायला सांगितलं आणि जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं, लगेच बुडबुडे. सगळं खोलून फ्लँजवर (पाइपच्या टोकाची, बोल्टने आवळायची चकती) स्टीलची पट्टी उभी धरली तर मधून उजेड दिसत होता. वेल्डिंग करताना फ्लँज उष्णतेने ओढली गेली होती आणि ती न घासताच पॅकिंग घालून आवळली होती. तापल्यावर लोखंड फुगतं, फट मिटते, म्हणून आवाज बंद व्हायचा. पण पूर्ण मिटत नसणार, कारण एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांमध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सर तिथून वीतभर अंतरावर, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) अजून पेट्रोल सोडतो. चौदाचं कारण हे! चाचांनी फाइल मारून फ्लँज सपाट केली, नवीन पॅकिंग घातलं, तीनशे रुपये घेतले. अ‍ॅव्हरेज परत साडेसतराच्या वर आहे आणि स्टीलबद्दलचं मत मी बदललंय.

साडेसात हजार घेणाऱ्याने दहा मिनिटं फाइल मारू नये याचा मला मनापासून राग आहे. त्याच्याकडे जाऊन पट्टी, फ्लँज, उजेड सगळं सांगितलं. पैसे परत दिले नाहीत, गाडी फुकट धुऊन देतो म्हणाला. मी तसाच निघून आलो. कोणी करून घेणार असाल तर पाइप गाडीखाली जायच्या आधी समोर उभं राहून फ्लँजवर पट्टी लावायला सांगा, नाही म्हणाला तर दुसरीकडे जा.

एक गोष्ट राहिलीच. टॉप गिअरला साठच्या आसपास केबिनमध्ये घूं असा आवाज भरतो, ओझरकडे जाताना हायवेला फार जाणवतो, आईचं डोकं दुखतं. हा मफलर सरळ जाळीच्या नळीचा, भोवती ग्लासवूल, तो चिरका आवाज खातो, खालचा घुमणारा तसाच सोडतो. ओरिजिनलमध्ये कप्पे होते म्हणून ते जाणवायचं नाही. मध्ये छोटा रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा डबा) टाकायचा विचार आहे, काम चाचांनाच देणार, दिवाळीचा बोनस हातात आला की.