सेवापुस्तक आधी मागणारा छापखाना

सांगलीच्या खणभागातला हा छापखाना लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांबरोबर पुण्यस्मरणाच्या पुस्तिकाही करून देतो. तलाठी म्हणून लागून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या वर्षश्राद्धासाठी इथे स्मरणिका झाली, तिच्यावरून हा अभिप्राय. मजकुराची 48 पाने, मध्ये फोटोंची 8, वर जाड कव्हर, 300 प्रती. मजकूर उभा करण्यात छापखाना उत्तम आहे, मुद्रितशोधनात मात्र ढिला.

पहिल्याच बैठकीत ते सेवापुस्तकाची, म्हणजे सरकारी नोकरीतल्या नोंदींच्या पुस्तकाची, प्रत मागतात, आणि हेच त्यांच्या कामाचं मर्म आहे. नेमणुकीची तारीख, प्रत्येक बदली, पदोन्नती, घेतलेली रजा हे सगळं त्यात तारीखवार असतं. घरच्यांच्या आठवणीत पाटण आधी की कोरेगाव आधी यावर वाद होतो, तो या कागदावर मिटतो. रजेच्या नोंदी तर घरचा इतिहासच सांगतात: मुलीच्या जन्माच्या महिन्यातली रजा, आईच्या आजारपणातली रजा. नोकरी आणि घर या दोन प्रकरणांचा सांधा तिथेच सापडतो, म्हणून या स्मरणिकेत ती वेगळी न ठेवता सालवार एकत्र गुंफली आहेत. हा निर्णय छापखान्याचा, आणि तो योग्य आहे. एक काळजी घ्यावी: अंगठ्याचे ठसे, सह्या आणि वेतनाची पानं छापायला देऊ नयेत. छापखाना स्वतःहून हे सांगत नाही, सांगायला हवं.

कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, अजातशत्रू हे शब्द आले की जुळारी, म्हणजे मजकूर जुळवणारा, थांबतो आणि विचारतो, म्हणजे काय केलं? त्यातून 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतर पाटण तालुक्यात पडलेल्या घरांचे पंचनामे आले, सजातल्या, म्हणजे तलाठ्याकडच्या, गावांची नावं आली, 1972 च्या दुष्काळातली धावपळ आली. सातबाऱ्यावर वारसाची नोंद करताना बहिणींची नावं वगळू न देणारा तलाठी असं एक वाक्य त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडून मिळालं. साऱ्या पुस्तिकेत त्या माणसाची ओळख त्याच वाक्यानं सर्वांत नीट होते.

बायकांची नावं न वगळण्याचा तोच न्याय घरच्या वंशावळीला लावला हे विशेष. छापखान्याच्या कच्च्या तक्त्यात मुली, सुना आणि त्यांची माहेरं यांना जागाच नव्हती. सांगितल्यावर तक्ता नव्याने आखला, वेगळे पैसे न घेता.

जन्मगावापुढे घरच्यांनी ‘जि. सांगली’ लिहिलं होतं. जन्म 1944 चा, तेव्हा असा जिल्हाच नव्हता. दक्षिण सातारा जिल्हा 1949 साली वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 साली मिळालं. यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रेही त्यांच्या जन्मावेळी, 1913 साली, सातारा जिल्ह्यातच होतं. ‘तेव्हाचा सातारा जिल्हा’ ही दुरुस्ती छापखान्यानं सुचवली.

फोटोंचं काम मन लावून करतात. सांगलीत 2005 आणि 2019 च्या पुरात भिजलेले अल्बम घरोघरी आहेत. काचेला चिकटलेला फोटो कोरडा ओढला की चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो, म्हणून इथे काचेसकट स्कॅन करतात. दीड इंच रुंदीचा फोटो 600 डीपीआयला (इंचामागे 600 ठिपके) घेतला तर 900 पिक्सेल मिळतात आणि 300 डीपीआयच्या छपाईत तो 3 इंचांपर्यंतच स्वच्छ दिसतो. पानभर हवा असेल तर 1200 ला घ्यायला सांगावं. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर फाइल लहान होऊन त्यातला बारकावा जातो. बदलीच्या गावाहून पत्नीला लिहिलेलं एक आंतर्देशीय पत्र छापायचं होतं. निळसर कागदावर निळी शाई, पहिल्या प्रतीत अक्षर पुसट. रंगीत स्कॅन करून त्यातला लाल चॅनेल, म्हणजे फक्त लाल रंगाचा थर, वेगळा काढल्यावर शाई काळी उठली. ते पान बघण्यासारखं झालं आहे.

कागदाचा हिशेब स्वतः करून जावा. डेमी अष्टमांश (डेमी शीटचा आठवा भाग) आकारात एका शीटवर दोन्ही बाजूंनी मिळून 16 पानं बसतात, म्हणजे 48 पानांना प्रतीमागे 3 शीट. 300 प्रतींना 900, आणि सेटिंगमध्ये वाया जाणारी धरून 2 रीम (रीम म्हणजे 500 शीट) पुरतात. पानांची संख्या 16 च्या पटीत ठेवली की कागद वाया जात नाही. मधली पिन मारायची तर निदान 4 च्या पटीत तरी हवीच. फोटो 80 जीएसएमच्या (चौरस मीटरला 80 ग्रॅम) मॅपलिथोवर, म्हणजे साध्या छपाईच्या कागदावर, छापण्याचा आग्रह धरू नये, शाई मुरते आणि चेहरे काळवंडतात. ती 8 पानं 130 च्या गुळगुळीत आर्ट पेपरवर घेतली ते बरं झालं.

आता मुद्रितशोधन. घरून युनिकोडमध्ये टाइप करून दिलेला मजकूर इथे श्रीलिपी या छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलला जातो आणि त्यात ‘ऱ्य’ मोडतो. शेतकऱ्यांच्या, अधिकाऱ्यांनी, साताऱ्यात या शब्दांत सगळीकडे रफार चढलेला निघाला. महसूल खात्यातल्या माणसाच्या स्मरणिकेत हे शब्द पानोपानी येतात. पहिल्या प्रुफात दुरुस्त केलेलं एक पान दुसऱ्या प्रुफात पुन्हा चुकीचंच आलं, कारण जुनी फाइल उघडली गेली. म्हणून प्रूफ मोबाइलवर न पाहता कागदावर मागावं, दोन जणांनी वाचावं, आकडे आणि नावं मोठ्यानं वाचून ताडावीत, आणि ‘छापावे’ असं लिहून तारखेसह सही केल्याशिवाय छपाईची प्लेट करू देऊ नये.

वेळेचं गणित तिथीनं करावं. तिथीचं वर्ष सुमारे 354 दिवसांत भरतं, त्यामुळे वर्षश्राद्ध तारखेच्या 10-11 दिवस आधी येतं. मध्ये अधिक महिना आला तर पुढे जातं. छापखाना तीन आठवडे मागतो, पण मजकूर जमवायलाच दोन महिने लागतात. लग्नसराईत आणि निवडणुकीच्या दिवसांत काम देऊ नये. प्रती दोन दिवस आधी हातात आल्या, गठ्ठे नीट बांधलेले होते, 300 मागितल्या तिथे 306 निघाल्या. वरच्या सहाचे पैसे लावले नाहीत.