वारली शाळेत शिकवायची, तर पैसा कुठल्या निधीतून?

पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीच्या ६० मुलांना वारली चित्रकला आणि तिच्यामागचे विधी, गाणी शिकवायची आहेत, असं धरू. दोन जाणकार, दोन तासांचं एक सत्र, अशी १२ सत्रं. माणशी सत्राला ८०० रुपये धरले तर मानधन १९,२००. जाणकारांचं जाणं-येणं ३,६००. गेरू, पांढरा रंग, डिंक, मांजरपाट, कागद ३,००० रुपयांत बसतं. जवळच्या पाड्यावर मुलांना नेण्यासाठी गाडी ६,०००. एकूण ३१,८००.

दोन जाणकार कशाला, असा प्रश्न हमखास येतो. लग्नातला चौक, म्हणजे भिंतीवरचं विधीचं चित्र, काढण्याचा मान सवाशिणींचा असतो आणि गाणी म्हणते ती धवलेरी. फक्त चित्रकार बोलावला तर मुलं तारपा या फुंकवाद्याभोवतीच्या नाचाचं वर्तुळ झकास काढायला शिकतात, पण चौकातली पालघाट देवी कोण, हे त्यांना सांगायचं राहून जातं.

आता आकडे पुन्हा बघा. साहित्य एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांच्याही आत आहे, बाकी सगळा पैसा माणसांवर आणि प्रवासावर जातो. सरकारी निधी मात्र वस्तू घ्यायला सोपे आणि माणसाला मोबदला द्यायला अवघड असतात. म्हणून ‘किती मिळेल?’ हा प्रश्न नंतरचा. आधी दोन गोष्टी विचारा : यात मानधन बसतं का, आणि पैसा कोणत्या महिन्यात हातात पडतो?

समग्र शिक्षाचं संमिश्र शाळा अनुदान

समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची सरकारी योजना. तिचं हे अनुदान फक्त सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना मिळतं आणि पटावर ठरतं : ३१ ते १०० पटाला २५,०००, १०१ ते २५० पटाला ५०,०००, त्यापुढे १,००० पर्यंत ७५,०००. १८० पटाच्या शाळेचे ५०,००० धरले तर किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, म्हणजे ५,००० आधीच गेले. वीजबिल, खडू, स्टेशनरी, किरकोळ दुरुस्ती भागवून वारलीसाठी तीन-चार हजार निघाले तरी पुष्कळ. मानधन यातून काढायला जाऊ नका, साहित्य घ्या.

दुसरी अडचण वेळेची. पैसा बहुधा वर्षाच्या शेवटी येतो आणि ३१ मार्चला उरलेली खर्चमर्यादा शून्य होते. मार्चमध्ये एका आठवड्यात १२ सत्रं उरकली, तर ती कागदावरच झालेली बरी!

पेसाचा ५ टक्के अबंध निधी

पेसा हा आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, आणि अबंध म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागातल्या शाळांनी सगळ्यात आधी इथं बघावं. आदिवासी उपयोजनेतला, म्हणजे आदिवासींसाठी वेगळ्या ठेवलेल्या सरकारी निधीतला, हा वाटा पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो, तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि शिक्षण हा त्यातला मान्य विषय आहे. रक्कम लोकसंख्येवर ठरते. आपल्या ३१,८०० चा पूर्ण भार पेलेल असा, घराजवळचा हाच एक निधी.

अर्ज सोपा, चूक ठरावात होते. ‘शाळेस सांस्कृतिक उपक्रमासाठी निधी द्यावा’ एवढाच ठराव झाला की वर्षाअखेरीस शाळेत साउंड बॉक्स आणि दोन ढोल येऊन पडतात, कारण वस्तूंचं बिल पास करणं सगळ्यांनाच सोयीचं. ठरावात ओळी सुट्या पाडा : ‘इ. ६ वी व ७ वीसाठी वारली कला व विधीगीते, १२ सत्रे, २ जाणकार (पैकी किमान १ महिला), प्रति सत्र प्रति व्यक्ती रु. ८००, प्रवास रु. ३,६००, साहित्य रु. ३,०००, क्षेत्रभेट वाहन रु. ६,०००.’ त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हवा, त्याची प्रत सोबत लावा.

पैसे शाळेच्या खात्यात मागण्यापेक्षा जाणकारांच्या बँक खात्यात थेट जाऊ द्या. मुख्याध्यापकांवर उपयोगिता प्रमाणपत्राचं, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्चला हे लिहून देण्याचं, ओझं येत नाही, शाळेनं फक्त तारीखवार हजेरीपत्रक द्यायचं, त्यावर जाणकाराची सही किंवा अंगठा. इथंही एक खोड आहे : आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत नाही, किंवा खातं वर्षानुवर्षं न वापरल्यानं बंद पडलेलं असतं. पहिल्या सत्राआधीच दोन्ही तपासा, नाहीतर म्हातारी धवलेरी दिवाळीपर्यंत पैशांची वाट बघत बसते आणि पुढच्या वर्षी येत नाही.

पेसाबाहेरच्या गावात याच्या जागी वित्त आयोगाचा अबंधित निधी येतो. १५ व्या आयोगाच्या काळात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती, उरलेल्या ४० टक्क्यांवर रस्ते-गटारांचा डोळा. शिक्षण आणि सांस्कृतिक कार्य हे दोन्ही विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आहेत, तेव्हा मागणी नियमात बसते. पगारावर मात्र हा निधी चालत नाही, म्हणून ‘सत्रानुसार मोबदला, नेमणूक नाही’ हे लिहून द्या.

सीएसआर

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायचा खर्च. त्याचे विषय देणाऱ्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण आहे आणि पारंपरिक कला-हस्तकलाही आहे, त्यामुळे विषयाची अडचण नाही. अडचण आकाराची. तीस हजारांच्या प्रस्तावासाठी कंपनीला जवळपास तेवढीच कागदपत्रं करावी लागतात जेवढी तीस लाखांसाठी. आपल्या केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, दहा-पंधरा शाळांनी मिळून तीन वर्षांचा एक प्रस्ताव केला तर दार उघडतं. पैसा बहुधा संस्थेमार्फत येतो. ती सीएसआर-१ नोंदणीची (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंदणी), बारा-अ आणि ऐंशी-जी (प्राप्तिकरातल्या नोंदण्या) असलेली हवी. ‘वारसा महोत्सव’ असा एका दिवसाचा कार्यक्रम मागू नका, एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जात नाहीत. मानधन इथं बिनबोभाट बसतं, ही मोठी जमेची बाजू. अनुदानित खासगी शाळांना संमिश्र अनुदान नाही, त्यांच्यासाठी हाच मुख्य रस्ता, कारण संस्थेची नोंदणी आधीच असते.

लोकवर्गणी आणि सीसीआरटी

वर्गणी सगळ्यात लवकर जमते, पण मुलामागे दर ठरवू नका. शिक्षण हक्क कायद्याखाली आठवीपर्यंतच्या मुलांवर सक्तीचा पैसा लावता येत नाही. पावती फाडा, रक्कम समितीच्या खात्यात भरा.

दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, रोख देत नाही. शिक्षकांना प्रशिक्षण आणि त्यांच्या शाळेला शैक्षणिक संच देतं. एकच शिक्षक पाठवला आणि त्याची बदली झाली की सगळं संपतं, शक्य असेल तर दोघांची नावं द्या. आमदार निधीच्या मागे लागू नका, त्यातून टिकाऊ कामं होतात, सत्रं नाहीत.

पेसा गावातल्या शाळेसाठी माझी निवड सरळ आहे : मानधन, प्रवास आणि गाडी अबंध निधीतून, साहित्य संमिश्र अनुदानातून. मग ठरावातली साहित्याची ओळ गाळा आणि मागणी २८,८०० ची करा. पेसाबाहेर पहिलं वर्ष सहा सत्रांचं, वर्गणीवर. त्याची हजेरीपत्रकं आणि मुलांची चित्रं जोडून दुसऱ्या वर्षी ग्रामपंचायतीकडे किंवा कंपनीकडे जा. समितीचा ठराव ऑगस्टमध्येच करून ठेवा आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची विषयपत्रिका निघण्याआधी अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) देऊन पोच घ्या. ‘आयत्या वेळच्या विषयात घेऊ’ असं म्हणाले तर पुढच्या वर्षीच्या आराखड्यात तो विषय सापडेलच, असं नाही.