आंत्रविषाराची लस: बाटली चांगली, घोळ दुसऱ्या डोसाचा

मेंढ्यांच्या या लशीचं नाव सरकारी दवाखान्यात 'आंत्रविषार', दुकानात 'ईटी' (एंटेरोटॉक्सिमिया). नाव काहीही असो, बाटलीत असतो तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचा 'डी' प्रकार: फॉर्मलिनने मारलेला, विष निकामी केलेला आणि बहुधा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या जेलमध्ये मिसळलेला. पुण्यात औंधची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था ही लस बनवते, खाजगी कंपन्यांच्याही मिळतात. मेंढ्यांच्या लशींत पैशाला सगळ्यात जागणारी हीच, असं आमचं मत. पण द्यायची पद्धत चुकली तर गढूळ पाणी टोचल्यासारखंच, आणि पद्धत बऱ्याच वाड्यांवर (कळपाच्या मुक्कामांवर) चुकते. गुण: 5 पैकी 4.

लस नेमकी कशावर आहे ते आधी पाहू. हा जिवाणू निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोडाफार असतोच. कळपाला अचानक धान्य, खळ्यावर सांडलेले दाणे, काढणीनंतर रानात राहिलेली कणसं किंवा पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत पोटभर मिळालं, की न पचलेला स्टार्च लहान आतड्यात उतरतो. त्यावर जिवाणू काही तासांत बेसुमार वाढतो आणि एप्सिलॉन नावाचं विष सोडतो. हे विष सुटतं तेव्हा बोथट असतं, आतड्यातलं ट्रिप्सिन हे पाचक द्रव्यच त्याला धार लावतं. रक्तात गेलं की रक्तवाहिन्या झिरपू लागतात, मेंदूला सूज येते. कोकरू मान मागे टाकतं, पाय झाडतं आणि काही तासांत संपतं. कित्येकदा तेही दिसत नाही; संध्याकाळी ठणठणीत कोंडलेलं सकाळी मेलेलं सापडतं. त्यातही जातं ते कळपातलं सगळ्यात गुबगुबीत: दुधाळ मेंढीचं एकुलतं कोकरू, नाहीतर बकरी ईदसाठी मक्याचा भरडा घालून तयार केलेला नर. मग 'नजर लागली' म्हणतात. नजर भरड्याची लागलेली असते.

म्हणूनच, कोकरांना हगवण लागली म्हणून ही लस आणायला निघालेल्यांनी जरा थांबावं. मेंढ्यांमध्ये 'डी' प्रकारात हगवण दिसेलच असं नाही. शेळ्यांत ती जास्त दिसते. जन्मल्यावर पहिल्या तीन दिवसांत कोकरू गळपटलं, तोंड थंड पडून लाळ गळू लागली, पातळ हगलं, तर संशय ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूचा. तिथे ही लस काही करत नाही. तिथे काम करतो चीक. किलोमागे 50 मिलि चीक पहिल्या सहा तासांत आणि एकूण 200 मिलि पहिल्या 24 तासांत, म्हणजे 3 किलोच्या कोकराला आधी 150 आणि दिवसभरात 600 मिलि. जोडीला नाळेला टिंक्चर आयोडीन आणि वाड्यात कोरडी जागा. पहिल्या दोन आठवड्यांत रक्ताची हगवण होऊन कोकरं पटापट जात असतील तर तोच जिवाणू, पण 'बी' किंवा 'सी' प्रकार. त्याचं विष बीटा, ते वेगळं. नुसत्या 'डी'च्या लशीने त्याला अडवता येत नाही. त्यासाठी अनेक प्रकार एकत्र असलेली लस लागते. तीन ते आठ आठवड्यांची कोकरं कुंथत रक्त-शेंबूड हगत असतील तर बहुधा कॉक्सिडिया हा एकपेशीय परजीवी, आणि तो तर जिवाणूच नव्हे. बाटली घेताना लेबलवर 'टाइप डी' एकटाच आहे की 'बी, सी, डी' हे वाचून घ्या. लशीला दिल्या जाणाऱ्या निम्म्या शिव्या या एका न वाचलेल्या ओळीमुळे असतात.

आता डोस. सर्वसाधारणपणे 2 मिलि, कातडीखाली; कंपनीप्रमाणे आकडा बदलतो, तेव्हा लेबलवरचाच खरा. मेंढीला लस दिलेली असेल तर कोकराला पहिली चौथ्या महिन्यात, नसेल तर पशुवैद्याला विचारून बरीच आधी. त्यानंतर 15 ते 21 दिवसांनी दुसरी. पुढे दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये.

सगळं अडतं ते या दुसऱ्या डोसावर. मेलेल्या जिवाणूची लस पहिल्यांदा टोचली की शरीर फक्त ओळख करून घेतं. प्रतिपिंडांची खरी फौज उभी राहते ती दुसऱ्यांदा. पहिल्या डोसाची ओळख तीन आठवड्यांत पुसलीही जात नाही आणि आपोआप वाढतही नाही. अडचण अशी की पहिला डोस गावात शिबिरात होतो आणि दुसऱ्याची तारीख येते तेव्हा कळप दुसऱ्या तालुक्यात चरत असतो. फिरस्त्या कळपांसाठी आमचा सल्ला: पहिल्या दिवशीच दुसऱ्या डोसाची तारीख ठरवा आणि त्या दिवशी वाडा जिथे असेल तिथल्या दवाखान्याला आधी कळवा.

गाभण मेंढीला व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी डोस दिला तर कोकराला चिकातून संरक्षण मिळतं. सगळ्या वेळापत्रकातली सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित पायरी हीच. मेंढी मात्र हळू धरायची. पाडून, उलटी करून टोचली तर गाभडण्याचा दोष लशीवर येतो.

साठवण 2 ते 8 अंश. इथे पीपीआरच्या (शेळ्या-मेंढ्यांच्या एका विषाणूजन्य रोगाच्या) लशीने गोंधळ करून ठेवला आहे. ती जिवंत, सुकवलेली लस; फ्रीझरमध्ये चालते. तिच्या शेजारी ईटीची बाटली ठेवली की बर्फ होऊन जेल फुटतं आणि लस गेली. ओळखायचं असं: बाटली जोरात हलवून अर्धा तास उभी ठेवा. चांगल्या लशीचं गढूळपण हळूहळू बसतं. गोठलेल्या लशीत कण दिसतात आणि ते झपाट्याने तळाला जातात. थर्मासमध्येही बाटली थेट बर्फाला टेकवू नका, मध्ये कापड गुंडाळा. भरताना प्रत्येक वेळी हलवायची, नाहीतर पहिल्या दहा जनावरांना पाणी आणि शेवटच्या दहांना जेल. फोडलेली बाटली त्याच दिवशी संपवा.

सुई 18 गेजची, आखूड. कोपराच्या मागे बरगडीवरची सैल कातडी चिमटीत धरून टोचायची. जागेवर गाठ येते आणि काही आठवडे राहते. ती जेलची असते, घाबरायचं कारण नाही. गाठ गरम लागली, पू झाला तर मात्र सुई घाण होती. 100 मिलिच्या बाटलीत हिशोबाने 50 जनावरं, प्रत्यक्षात 46-47. साठ जनावरांच्या कळपाला एक बाटली पुरवण्यासाठी दीड-दीड मिलि देण्याची युक्ती सर्रास चालते. तिने साठही अर्धेच राखले जातात. जंतनाशक आठवडाभर आधी, आणि पीपीआरची लस दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. आजारी, तापलेल्या जनावराला टोचू नये.

मर सुरू झाल्यावर लस टोचून उद्या फरक पडेल ही अपेक्षा चुकीची. प्रतिकार यायला दोन आठवडे लागतात. त्या वेळी पहिला उपाय चाऱ्याचा: भरडा बंद, कोवळ्या रानातून कळप बाहेर, कडबा किंवा वाळलं गवत पुढे. नंतर खुराक वाढवायचा तो दहा-बारा दिवसांत टप्प्याटप्प्याने.

एक गुण कापला तो माहितीपत्रकासाठी. दुकानातल्या बाटलीबरोबर अनेकदा ते इंग्रजीत आणि मुंगीच्या टायपात येतं. दुसऱ्या डोसाची ओळ शोधायला भिंग लागावं.

लस देऊनही कोकरू गेलं तर शवविच्छेदन लगेच करून घ्या. 'मऊ मूत्रपिंड' ही या रोगाची प्रसिद्ध खूण, पण उन्हात चार तास पडलेल्या कुठल्याही कोकराचं मूत्रपिंड मऊच लागतं. त्यापेक्षा हृदयाच्या आवरणातलं पिवळसर, गोठणारं पाणी आणि लघवीतली साखर जास्त बोलकी. लहान आतड्याचा शेवटाकडचा तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून बर्फात प्रयोगशाळेकडे पाठवा आणि सोबत चिठ्ठीत लिहा: विषाची तपासणी हवी. नुसता जिवाणू सापडला म्हणून काही सिद्ध होत नाही, तो जिवंत कोकरातही असतो.