फराळाचे डबे आणि बोकाशी बादली: तेलकट-गोड पदार्थ जिरवायला ती किती उपयोगाची?

डाएट बदलायचं ठरलं की पहिल्या रविवारी ओट्याखालच्या कपाटातून साधारण हेच निघतं: अर्धा डबा शेव, मऊ पडलेल्या चकल्या, किलोभर मैदा, बिस्किटांचे उघडे पुडे, इन्स्टंट नूडल्स, तळाला आलेली जॅमची बाटली, वनस्पती तुपाची पिशवी आणि तळणीचं गाळून ठेवलेलं तेल. भाजीच्या देठांसाठी घेतलेल्या मातीच्या मडक्यांच्या कंपोस्टरमध्ये हे ओतलं तर आठवड्यात अळ्या होतात. मग शोध घेता घेता बोकाशी बादली दिसते. विक्रेते सांगतात, शिजलेलं, तेलकट, गोड, सगळं चालतं. या ‘सगळं’ला बऱ्याच अटी आहेत.

वस्तू साधी आहे. घट्ट झाकणाची पंधरा-वीस लिटरची बादली, आत तळापासून दोन इंच वर बसणारी जाळी, खाली छोटा नळ. सोबत जंतू लावलेला कोंडा मिळतो, तो म्हणजे या बादलीचं विरजण. दुधाचं दही लावणारे लॅक्टिक आम्लाचे जंतू इथेही मुख्य काम करतात. अन्न इथे कुजत नाही, हवा न लागता आंबतं. म्हणून ते ओळखू येईल अशाच रूपात बाहेर निघतं. दोन आठवड्यांनी झाकण उघडल्यावर चकलीचे काटे जसेच्या तसे दिसतात, वर कापसासारखी पांढरी बुरशी असते आणि वास कैरीच्या लोणच्यासारखा आंबट येतो. ‘काहीच झालं नाही’ म्हणून बादली परत करणारे इथेच फसतात. माती होण्याचं काम पुढच्या टप्प्यात, जमिनीत किंवा टबात होतं.

त्याआधी एक गाळणी लावावी, कारण बादलीची गरज नसलेल्या वस्तू यात निम्म्याहून जास्त असतात. सीलबंद पुडे आधी बाजूला काढा आणि तारीख वाचा. ‘बेस्ट बिफोर’ ही चव-दर्जाची तारीख आहे, ‘युज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ ही सुरक्षिततेची. देण्याच्या वस्तूंवर दोन्हींपैकी जी तारीख असेल ती उलटलेली नसावी. उरलेलं अन्न वाटण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2019 चे वेगळे नियमच आहेत. रॉबिन हूड आर्मीसारख्या स्वयंसेवी गटांचं काम मुख्यतः हॉटेलं आणि समारंभांतल्या उरलेल्या अन्नाचं असतं, तेव्हा एका घरातले चार पुडे न्यायला कोणी येईल ही अपेक्षा धरू नये. सोसायटीतून एक खोकं भरेल इतकं जमवून मग फोन करावा. साखर, पोहे, न उघडलेलं तेल हे कुठल्याही आश्रमाच्या किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात खपतं. उघडलेला, मऊ पडलेला चिवडा मात्र घरकामाच्या मावशींच्या हातात ठेवून दान केल्याचं समाधान मिळवू नये. आपल्याला नको तो वास त्यांनाही येतोच.

गाय आणि कुत्रा हेही ठरलेले दोन मार्ग, आणि दोन्ही बेभरवशाचे. गुरांच्या आंबोणात एकदम भरपूर मैदा किंवा पाव गेला तर पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावूही शकतं. कुत्र्याला चॉकलेट आणि बेदाणे विषारी असतात, त्यामुळे बेदाणे घातलेला लाडू किंवा केक रस्त्यावर ठेवू नये.

मैदा खराब झाला नसेल तर त्याची खळ करा. एक भाग मैदा, पाच भाग पाणी, आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून मग मंद आचेवर ढवळत शिजवायचा. आकाशकंदील आणि वह्यांची कव्हरं यांना याहून चांगलं काही नाही. जुना गूळ आणि बेसन यांना तर खरी मागणी आहे. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांच्या जीवामृत या पातळ खतात 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती लागते. गच्चीवर बाग करणाऱ्यांनी हेच प्रमाण 20 लिटरवर आणावं: शेण एक किलो, गोमूत्र एक लिटर, गूळ आणि बेसन प्रत्येकी 200 ग्रॅम. कीड लागलेलं बेसनही इथे चालतं.

आता बादली. उरलेलं उघडं, शिळं, कोणाला देता न येणारं एवढंच तिच्यात जावं.

फरसाण, चकली, शंकरपाळे, बिस्किटं हे सगळं कोरडं असतं. कोरड्या मालात जंतू चालत नाहीत आणि हे पदार्थ ओलावा शोषूनही घेतात. नुसता फरसाणाचा डबा रिकामा करून वर कोंडा भुरभुरला तर दोन आठवड्यांनीही फरसाणच सापडेल, फक्त खवट. प्रमाण असं ठेवा: एक भाग कोरडा खाऊ, चार भाग भाजीची सालं-देठं. चकल्या हाताने चुरा, नूडल्स आधी पाण्यात भिजवून निथळा आणि मसाल्याची पुडी त्यात टाकू नका. एक थर तीन-चार सेंटिमीटरचा, त्यावर मूठभर कोंडा, मग ताटलीने किंवा पावभाजीच्या मॅशरने दाबून हवा बाहेर काढायची. साधारण एका किलोला 30 ते 40 ग्रॅम कोंडा धरावा. तेलकट थरावर दीडपट. पंधरा लिटरच्या बादलीत दहाएक किलो माल बसतो, म्हणजे एका भरणीला 300 ते 400 ग्रॅम कोंडा जातो. संच विकत घेताना पहिल्या पिशवीत किती भरण्या होतील याचा हिशेब आधी करा. बादली एकदाच घ्यायची असते, कोंडा दर वेळी.

तेल हा या बादलीचा कच्चा दुवा आहे. चकलीत मुरलेलं तेल चालतं, ओतलेलं तेल चालत नाही. ओतलेलं तेल सालांवर थर धरतं, पाणी आणि जंतू आत जाऊ देत नाही, आणि तळाच्या जाळीतून उतरून नळात साका धरतं. वाटीभर तळणीचं तेल असेल तर ते लाकडाच्या भुशात किंवा वापरात नसलेल्या मैद्यात जिरवून, कागदात बांधून कचऱ्यात द्यावं. मोरीत मुळीच ओतू नये, वनस्पती तूप तर थंड पाण्याबरोबर पाइपातच गोठतं. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्यासाठी प्राधिकरणाची ‘रुको’ योजना 2018 पासून आहे, पण गोळा करणाऱ्या गाड्यांची नजर हॉटेलांच्या डब्यांवर असते. सोसायटीने मिळून एक कॅन भरला तर विचारून पाहावं. वनस्पतीची न उघडलेली पिशवी देवापुढच्या दिव्याला वापरता येते.

मिठाचं दुखणं वेगळं. तेल आज ना उद्या मातीत कुजून जातं, मीठ मात्र आंबतही नाही आणि कुजतही नाही. ते सरळ कुंडीत उतरतं. नमकीनात वजनाच्या दीड ते दोन टक्के मीठ असतं, म्हणजे एका भरणीत दीड किलो फरसाण गेलं तर 25-30 ग्रॅम मीठ मातीत. मोठ्या वाफ्यात ते पचून जाईल, आठ इंची कुंडीत पानांच्या कडा करपतील. म्हणून एका भरणीत दीड किलोच्या वर खारट पदार्थ नकोत, आणि लोणचं, सुकट, पापडाचे गठ्ठे अजिबात नकोत. नळातून येणारं पिवळसर-तपकिरी पाणी शंभर पट पाण्यात मिसळून झाडांना घाला, असं संचासोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. भाजीपाल्याच्या बादलीला ते लागू आहे. फरसाणाच्या भरणीतलं पाणी सरळ संडासात ओतावं.

गोड पदार्थ त्या मानाने सोपे. साखर म्हणजे जंतूंना आयतं खाणं. पण जॅमची अख्खी बाटली, कंडेन्स्ड दुधाचा डबा, सरबताचा अर्क एकदम ओतला तर यीस्टला जोर येतो. बादलीला ताडीसारखा वास, फेस आणि फुगलेलं झाकण, असं दृश्य दिसतं. नुकसान काही नाही, पण घरात पाहुणे असताना झाकण उडणं बरं नव्हे. चमचा-चमचा करून थरांमध्ये पसरावं.

बिघाड ओळखायचा तो नाक आणि रंगावरून. पांढरी बुरशी आणि आंबट वास म्हणजे ठीक. हिरवी-काळी बुरशी म्हणजे हवा शिरते आहे. झाकणाच्या खाचेत शेवेचा एक कण अडकला तरी पुरे, म्हणून दर वेळी कडा पुसून घ्यावी. सडका, अंडं फुटल्यासारखा वास म्हणजे खालचं पाणी साचून जाळीच्या वर चढलं, ते दर दोन-तीन दिवसांनी काढलंच पाहिजे. दिवसातून चार वेळा उघडून चार बिस्किटं टाकण्यापेक्षा दिवसभराचं एका भांड्यात साठवून रात्री एकदाच टाकावं. आधीच हिरवी बुरशी आलेला पाव यात नकोच.

भरल्यावर चौदा दिवस बंद. संच दोन बादल्यांचा असतो तो यासाठीच, एक बंद असताना दुसरी चालते. त्यानंतरचा टप्पा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना जाहिरातीत कोणी सांगत नाही: आंबलेला माल पुरायला माती लागते. खाली भोकं असलेला मोठा टब घ्या, तळाशी एक तृतीयांश जुनी माती, मध्ये आंबलेला माल तेवढ्याच मातीत कालवून, वर चार इंच माती. उष्ण हवेत तीन-चार आठवड्यांत चकलीचा मागमूस राहत नाही. तोवर त्यात रोप लावू नये, माल इतका आंबट असतो की मुळं जळतात. पावसाळ्यात टबावर पत्रा हवा, आणि तळमजल्यावर घुशी असतील तर जाळीचं झाकणही. टबाला जागाच नसेल तर ही वस्तू घेऊ नका. दोन महिन्यांत चार बादल्या आंबलेलं अन्न घेऊन गॅलरीत उभं राहायची वेळ येईल.

कोंड्याचा खर्च घरच्या घरी टाळता येतो, आणि सोडून दिलेला गूळ त्यातच जिरतो. तांदूळ धुतलेलं पाणी सैल झाकून तीन दिवस ठेवा. आंबूस झालं की दहा पट दूध घालून आणखी पाच-सात दिवस. वर पनीरसारखा थर जमतो, खालचं पिवळं पाणी म्हणजे विरजण. अर्धी वाटी विरजण, तेवढाच पातळ केलेला गूळ आणि लागेल तेवढं पाणी घालून दोन किलो गव्हाचा कोंडा मुठीत गोळा होईल आणि दाबल्यावर थेंब पडणार नाही एवढाच ओलवा. पिशवीतली हवा काढून दोन आठवडे बांधून ठेवा, मग सावलीत वाळवा. विकतच्याइतका एकसारखा निकाल येत नाही, दीडपट वापरावा लागतो, पण काम होतं.

ओट्यावर ठेवायची विजेची यंत्रं याच कामासाठी खपवली जातात. ती अन्न तापवून, सुकवून दळतात. बाहेर निघतो तो खाकी चुरा म्हणजे खत नव्हे, वाळलेलं अन्नच. कुंडीत घालून पाणी दिलं की त्यावर बुरशी आणि चिलटं हजर. मीठ आणि तेल जिथल्या तिथे. फरसाण तर आधीच वाळलेलं आहे, ते पुन्हा वाळवायला वीज कशाला?

एकदाच कपाट रिकामं करायचं असेल तर तयार संचही नको. डिस्टेंपरच्या वीस लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या एकात एक बसवा, आतलीच्या तळाला पाच मिलिमीटरची दहा-बारा भोकं पाडा, पाणी काढायला आतली बादली उचलायची. रोज वापरायची असेल तर मात्र नळाची बादली घ्या आणि दुकानातच नळ हाताने हलवून बघा. आतून नट आणि दोन्ही बाजूंना रबरी वॉशर असलेला नळ टिकतो, नुसता दाबून बसवलेला पहिल्या भरणीतच झिरपायला लागतो. अर्धा लिटर पाणी भरून बादली रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायची, सकाळी कागद ओला दिसला तर बदलून आणायची. अन्न भरल्यावर ती बदलून मिळत नाही.