लॅन्सडाउन ‘स्टेशन’वर गाडी येणार होती

एकूण 17,298 रुपये गेले. लिहितानाही लाज वाटते, कारण 22 वर्षं मी लोकांची बिलं तपासतोय आणि ऑफिसात ओटीपीवरून सगळ्यांना झापणाराही मीच.

मसुरी-नैनितालची गर्दी नको म्हणून लॅन्सडाउन ठरवलं. हॉटेलचा नंबर ऑनलाइन नकाशावरून घेतला. तो कुणीही बदलून टाकू शकतो, हे मला काय माहीत? तीन रात्रींचे 9,600, त्यातले निम्मे, म्हणजे 4,800 आगाऊ, वर पिकअपचे 2,500. पाठवले. यूपीआयवर नाव हॉटेलचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. हिने विचारलं, तर मी म्हटलं, “मालकीण असेल.”

पण खरी खूण वेगळीच होती. फोनवरचा माणूस म्हणाला, “सर, लॅन्सडाउन स्टेशन के बाहर ड्रायव्हर खडा रहेगा.” अहो, लॅन्सडाउनला स्टेशनच नाही! रेल्वे कोटद्वारला संपते, पुढे दुगड्डावरून चाळीसेक किलोमीटर घाट. आणि कोटद्वारचं तिकीट त्या क्षणी माझ्यासमोर होतं, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग पडलेला. मी अडखळलो, आणि मग स्वतःच त्याच्या वतीने खुलासा करून टाकला, की तिकडे कोटद्वारलाच तसं म्हणत असतील. त्याला खोटं बोलायचे कष्टसुद्धा पडू दिले नाहीत मी.

कोटद्वारला गाडी नाही. फोन केला तर साहेब एकदम नम्र. पिकअपचे पैसे परत देतो, हा क्यूआर स्कॅन करा, 4,999 टाका, तरच रिफंड निघतो. पुण्याहून दोन दिवसांचा प्रवास, सासूबाई बाकड्यावर पाय धरून बसलेल्या, डोकं चाललं नाही. गेले 4,999. “एंट्री फेल झाली” म्हणाला, पुन्हा 4,999. पैसे घ्यायला पिन लागत नाही हो, कधीच लागत नाही!

शेअर जीपने वर पोचलो. हॉटेल खरंच होतं, पाटीवर नंबर निराळा. मॅनेजरला आश्चर्यही वाटलं नाही.

कोटद्वारचे पोलीस म्हणाले, खातं पुण्यात, तक्रार तिकडे द्या. पुण्यात चौकीवर म्हणाले, घडलं उत्तराखंडात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं, की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती नोंदवून घ्यायची. ते दाखवल्यावर हवालदार म्हणाले, “काका, वकील आहात का?” बँकेचं एकच पालुपद: पिन तुम्हीच टाकलात. तीन चकरा, दोन अर्ज, एक “प्रोसेसमध्ये आहे”. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तिथल्या तिथे, बाकड्यावरूनच फोन करायला हवा होता. मी केला चौथ्या दिवशी, तोवर पैसे पुढे सरकले होते. तुम्ही तासाभरात करा, लाजत बसू नका.

परवा हिच्या फोनवरून तोच नंबर लावला. लगेच उचलला. “लॅन्सडाउन? हां मॅडम, स्टेशन से पिकअप मिल जाएगा.”